चिकाचा पहिला घोट

खटकचिंचोळीत कुणाला देवणी गाय घ्यायची असली की तो आधी गुरुशांतप्पांना सोबत नेई. म्हातारा जनावराभोवती एक फेरी मारी, पाठीवरून हात फिरवी आणि गाय कितव्या वेताची, दूध किती देईल, लाथ मारते का, सगळं सांगे. चुकल्याचं कुणाला आठवत नाही. पण एवढ्या जाणत्या माणसाच्या गोठ्यात वासरं टिकत नव्हती. आठवड्याचं वासरू पांढरं हगू लागे, डोळे खोल जात, मान टाके. गुरुशांतप्पा बांधाला खड्डा खणत आणि "शिवानं दिलं, शिवानं नेलं," म्हणून हात धूत.

धाकटी सून दानेश्वरी जनवाड्याची. जनावरांच्या दवाखान्याच्या शिबिरात ती महिनाभर शिकून आली होती. गेल्या थंडीत घरची गाय भर दुपारी व्याली. गाय वासराला चाटत होती, तोवर सुनेनं हात धुतले, वासराची नाळ आयोडीनच्या वाटीत बुडवली आणि चीक पिळायला बसली.

"हे काय करायलीस?" गुरुशांतप्पा ओरडले. "वार पडली न्हाई अजून. त्याआधी चीक पाजत न्हाईत."

"वार पडायला संध्याकाळ होईल, मामा. रोगाशी लढायचं बळ वासरू पोटातून आणत न्हाई, ते ह्या चिकातूनच मिळतंय. उशीर केला तर आतडं ते घेत न्हाई."

"मग आमचे वाडवडील येडे होते व्हय?"

तिनं चीक बाटलीत भरला. बाटली वासराच्या तोंडाला लावली. ते चुरूचुरू प्यायलं.

वासरू तिनं पडवीत, चुना टाकून कोरड्या केलेल्या जागेवर बांधलं. दोन दिवसांनी ती माहेरी गेली. वारं सुटलं तसं गुरुशांतप्पांना राहवलं नाही. वासरू उचलून त्यांनी गोठ्यातल्या कोपऱ्यात नेलं. तीन बाजूंनी बंद, उबेची जागा.

चौथ्या दिवशी दानेश्वरी परतली, तर वासरू आडवं. शेपटीखाली पांढरा चिखल, कान गार.

"हितं कुणी बांधलं?"

"मीच. समदी वासरं हितंच बांधत आलोय."

"समदी?"

गुरुशांतप्पांनी कोपऱ्याकडे पाहिलं. भिंतीला ओल, जमीन मुताशेणानं काळी पडलेली. आजारी वासरू गेलं की त्याच जागी पुढचं. एकेक खड्डा त्यांच्या डोळ्यांपुढून गेला.

दानेश्वरीनं डॉक्टरांना फोन लावला. वासरू ओढून उन्हात आणलं, अंग पोत्यानं चोळलं. डॉक्टर शिवकुमार आले. त्यांनी मानेची शीर शोधून सुई घातली आणि सलाईनची बाटली गुरुशांतप्पांच्या हातात दिली.

"उंच धरा, अप्पा. ह्याच्या अंगातलं पाणीच संपलंय."

"जगंल का?"

"चीक वेळेवर गेलाय. म्हणून तर अजून धुगधुगी हाय."

गुरुशांतप्पांनी एका हातानं बाटली धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट वासराच्या तोंडात घातलं. आत दगडासारखं गार. थेंब पडत राहिले. पहिली बाटली संपली, दुसरी लागली. हात भरून आला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. आणि मग, ऊन कलायच्या आत, बोटाला ऊब लागली. जीभ हलली. एकदा, मग पुन्हा. वासरानं बोट चोखायला घेतलं.

म्हाताऱ्याच्या अंगावर सरसरून काटा आला. सत्तर वर्षं गुरांत काढली, पण गेलेला जीव आपल्या बोटाशी माघारी येताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. ती मात्र मीठ-साखरेचं पाणी ढवळत होती.

वासरू तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागलं. गुरुशांतप्पांनी कुदळ घेऊन तो कोपरा हातभर खणला, माती गावाबाहेर टाकली, खड्ड्यात मुरूम आणि चुना भरला.

महिन्याभरानं शेजारच्या कल्लप्पाची गाय व्याली. दानेश्वरी भाकरी थापत होती, तेव्हा कल्लप्पाच्या गोठ्यातून सासऱ्यांचा फोन आला. मागे कल्लप्पाच्या आईचा आवाज चढलेला ऐकू येत होता, वार पडू द्या म्हणून.

"अव्वा," गुरुशांतप्पा सुनेला घाईनं म्हणाले, "चीक मी पाजलाय. आता नाळ कुठपर्यंत बुडवायची तेवढं सांग. वाटी धरून बसलोय."