मगदुमांची सागवानी गिटार

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, श्री. यशराज बाळासो मगदूम, वय वर्षे सव्वीस, शिक्षण बी.कॉम., राहणार उचगाव, यांची मगदूम टिंबर मार्टच्या भागीदारपदी एकमताने निवड झाली असून, त्यांच्या कलागुणांना वाव देण्याचे धोरण सदर फर्मने स्वीकारले आहे.

एकमत म्हणजे बाळासोंचं मत. ते फर्मचे मालक आणि यशराजचे वडील. धोरण असं, की हवी ती गिटार घे, किंमत विचारणार न्हाय, पण वखारीत बसायचं.

यशराज लगेच कबूल झाला, याचं बाळासोंना कौतुक वाटलं. खरं कारण पुण्यात होतं. तिथल्या एका बँडनं त्याला लीड गिटारसाठी पसंत केलं होतं. कॉलेजातलं गिटारीचं खोकं मात्र चालणार नव्हतं, स्टेजवर शोभेल अशी गिटार घेऊन ये म्हणाले. तेव्हा गिटार हातात येईपर्यंत भागीदार, आणि आली की पुण्याची एसटी.

गिटार बेळगावचा एक कारागीर घडवणार होता. लाकडापासून तारांपर्यंत सगळं गिऱ्हाइकाला विचारून. यशराज दुपारभर करवतीच्या आवाजात कानात हेडफोन कोंबून वेगवेगळ्या लाकडांच्या गिटारी ऐकायचा. महोगनीचा आवाज गोल, जरा झोपाळू. ॲशचा मोकळा. शेवटी ठरलं: अंग ॲशचं आणि आतून थोडं पोकळ, कारण बँड दोन-दोन तास उभ्यानं वाजवतो. मान मेपलची. बोटं फिरतात ती पट्टी शिसवीची. शिवाय सूर थरथरवायला एक दांडी. आजूबाजूला ट्रकभर लाकूड पडलेलं असताना हा गडी बाहेर पडायला पुरेल एवढं लाकूड शोधत होता.

ऑर्डर पक्की करायला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा बाळासोंनी फोन हातातनं काढून घेतला.

"नमस्कार पावणं. आतनं पोकळ म्हंजे? किडकं लाकूड देताय व्हय?"

"तसं नाही साहेब, वजन कमी होतं."

"आमच्यात पोकळ माल दिला तर गिऱ्हाईक आई-भन काढतंय. भरीव करा. जाडी किती?"

"पावणेदोन इंच."

"पोळपाट हाय काय? तीन करा. आन् ही दांडी कशाला?"

"आबा, ती सूर हलवायला असती," यशराज म्हणाला.

"हलणारं काय बी नगं. फिक्स बसवा."

मग ते वखारीच्या मागच्या अंगाला गेले आणि एका फळीवरचं पोतं त्यांनी बाजूला केलं. जुनं सागवान. नव्या घराच्या चौकटीसाठी राखून ठेवलेलं, मंत्र्याच्या पाहुण्यालाही न विकलेलं. करवतीवरचा मौला काम थांबवून पुढं आला.

"मालक, ह्यो तर चौकटीचा माल."

"चौकट सिमेंटची करू की. पोरगं घरात ऱ्हाणार, मग दाराचं काय कौतुक?" बाळासोंनी हातरुमालानं फळी पुसली. पुसताना डोळेही पुसले, पण धूळ होती म्हणाले. "हे घे यशा. ह्याच्यापेक्षा चांगलं माझ्याकडं न्हाय."

फोन अजून चालूच होता. नको म्हणायला ही एवढीच वेळ होती. आबांनी काही मागितलं असतं तर यशराजनं भांडून घेतलं असतं. मागत कोणीच नव्हतं, देत होतं.

"चालंल की, आबा," तो म्हणाला.

फळी बेळगावला गेली आणि दिवाळीआधी गिटार होऊन परत आली. शालूबाईंनी लेकाच्या गिटारीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आवाज खोल निघाला, कारागिरानंही फोनवर मान्य केलं. यशराजनं पट्टा खांद्यावर चढवला आणि बँडचं पहिलं गाणं वाजवलं. दुसऱ्याच्या मध्यात वजनानं त्याच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. त्यानं पट्टा रुंद केला, खांद्यावर टॉवेल घेतला, महिनाभर रोज प्रयत्न केला. मग पुण्याला कळवलं की जमत नाही. त्यांनी वाईट वाटल्याचं लिहिलं आणि दुसरा मुलगा घेतला.

बाळासो आता आलेल्या पावण्यांना गिटार दाखवतात. पावणं ती दोन्ही हातांनी उचलून बघतात आणि "माल हाय," म्हणतात. यशराज गल्ल्यामागं, गादीवर मांडी घालून वाजवतो.

उभं राहून ती वाजवता येत नाही.