मी सरकवलेली रेष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीट कळत नाही.

दौलतगंजमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं ड्रॉइंग काढते. जिने ही माझी खासियत. सगळे माझ्या कॉम्प्युटरवर, ऑफिसच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये. बाहेर कुठे ते धड उघडतही नसत — आणि खरं सांगू? मला ते बरं वाटायचं.

मग निशिकांत आला. शहरातल्याच गोरखी भागातला, तिशीतला, बोलता बोलता हिंदीत शिरणारा. पहिल्याच आठवड्यात त्याने सरांना सुचवलं की प्रत्येक ड्रॉइंग डीएक्सएफ फाइलमध्येही ठेवू या. ती कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडते, फुकटच्यासुद्धा. कुणालाही देता येते.

कुणालाही! हा शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. याला माझे जिने न्यायचे आहेत, दुसरं काय? नाहीतर स्वतःचा लॅपटॉप कशाला आणतो? पेनड्राइव्ह सतत खिशात का? फोन आला की गॅलरीत का जातो?

तेवढ्यात एका दवाखान्याच्या लोखंडी जिन्याचं काम आलं. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "ताई, जिन्याची डीएक्सएफ द्या ना. वर्कशॉपवाले सीधे उसी से काटेंगे."

मला ते खोटं वाटलं. म्हणून फाइल देण्याआधी मी एका पायरीची रेष वीस मिलिमीटर सरकवली. शेजारी लिहिलेला मापाचा आकडा मात्र आधीचाच, बरोबर ठेवला. माझी चोरखूण — उद्या हा जिना दुसऱ्या कुणाच्या ड्रॉइंगमध्ये दिसला, तर चोर सापडेल.

निशिकांतने सगळे आकडे तपासले. आकडे बरोबरच होते. पण मशीन आकडे वाचत नाही, रेषेवरून कापतं.

इथवर तुम्ही म्हणाल, चूक झाली, संशयाने झाली. पण थांबा. पायऱ्यांच्या लोखंडी प्लेटा उद्या कापायच्या आहेत, हे सर माझ्यासमोरच वर्कशॉपवाल्यांशी फोनवर बोलले होते. म्हणजे निशिकांत खरं बोलत होता. माझ्या हातात आख्खा एक दिवस होता. एक वाक्य पुरलं असतं — फाइल बदलून देते. मी दिवसभर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या काढत बसले. का? खूण केल्याचं कबूल करावं लागलं असतं म्हणून.

जिना दवाखान्यात बसला आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या एक नर्सबाई त्या पायरीवर अडखळून पडल्या. मनगट मोडलं. सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. निशिकांत ड्रॉइंगचा प्रिंट घेऊन उभा होता, पुन्हा पुन्हा तोच आकडा दाखवत. सरांनी मला विचारलं. मी म्हणाले, "या फाइलींचा भरवसा नाही, सर. इकडून तिकडे जाताना रेषा सरकतात. मी आधीच सांगत होते."

मी आधी काहीच सांगितलेलं नव्हतं. निशिकांतने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा हातातल्या प्रिंटकडे. महिन्याच्या आत त्याने नोकरी सोडली — की त्याला सोडायला लावली, मी विचारलंच नाही. डीएक्सएफही बंद झाली. माझे जिने पुन्हा फक्त माझे झाले.

माझा एकही जिना कुठे दुसरीकडे दिसला नाही. मी शोधत होते. वर्षभर शोधत होते.

मागच्या दिवाळीत निशिकांत सराफा बाजारात भेटला, बायकोबरोबर. वाकून नमस्कार केला. आता एका हार्डवेअरच्या दुकानात बसतो म्हणाला. ड्रॉइंगचं काम सोडलं, स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नाही. मग हळूच म्हणाला, "ताई, तो आकडा मी तीनदा पाहिला होता. गलती कहाँ हुई, मला अजून कळलेलं नाही."

याला कळलंय, हा मला तपासतोय — माझ्या मनात पहिलं हेच आलं. मी त्याचा चेहरा न्याहाळला. त्यात काहीच नव्हतं. तो खरंच विचारत होता.

मी म्हणाले, "होतं रे असं कधीकधी." आणि त्याच्या बायकोला विचारलं, काय घेतलं, दाखव बघू.