राखणदाराचा वाटा

मंगल लवटेच्या छातीवर गळ्याखालून सरळ खाली उतरलेला व्रण आहे. ती छत्तीस वर्षांची आहे, आटपाडीकडच्या कोरड्या माळावरची. दिवाळी झाली की तिचं कुटुंब साठ मेंढरं, दोन घोडी आणि तीन कुत्री घेऊन फलटणच्या बागायतीकडे निघतं. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची. खत शेतकऱ्याला, धान्य यांना. पावसाळ्याच्या तोंडावर परत. लग्नानंतरची सतरा वर्षं अशीच गेली.

तीन वर्षांपूर्वी तिला चालताना धाप लागू लागली. वाटेवरच्या दवाखान्यांतून पित्ताच्या गोळ्या मिळत राहिल्या. सासू हरणाबाई म्हणायची, "घोडीवर बोजा चढवायची येळ झाली की हिच्या छातीत धडधडतंय. जेवाय बसली की गपगार." नवरा तानाजी हसायचा.

गेल्या हिवाळ्यात ती फलटणजवळ रानातच कोसळली. सांगलीच्या दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाच्या भिंतीत लिंबाएवढी पाण्याची पिशवी होती.

डॉक्टरांनी विचारलं, "मेंढरू कापल्यावर आतलं काय करता?"

तानाजीने अभिमानाने सांगितलं, "पाण्याचं फोड आलेली कलेजी माणूस खात न्हाई, सायेब. त्यो राखणदाराचा वाटा. मानसाच्या आदी कुत्र्याला, गरम गरम."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि दोघांना समजावलं. त्या फोडांत जंतांची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या आतड्यात वाढतात. अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. गवतातून मेंढरात जातात, कुरवाळणाऱ्या हातातून माणसात. पिशवी बहुधा यकृतात किंवा फुप्फुसात होते, क्वचित हृदयात. ती वर्षानुवर्षं वाढते आणि कळत नाही.

ऑपरेशन झालं. पिशवी न फुटता निघाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं: आतलं मांस कुत्र्याला कच्चं घालायचं नाही, खोल पुरायचं. कुत्र्यांना जंताच्या गोळ्या द्यायच्या. मुलीला तपासणीला आणायचं.

मुलगी म्हणजे नऊ वर्षांची अंकिता. थंडीत ती कुत्र्याला घोंगड्यात घेऊन झोपायची. मंगलने तिचं अंथरूण वेगळं केलं, जेवणाआधी साबण हातात दिला. कुत्र्यांना गोळ्या मात्र मंगलला देता येईनात. चोरांनी विष घालू नये म्हणून राखणीच्या कुत्र्याला धन्याच्याच हातून खायची सवय लावलेली असते. तिने गोळी घालून टाकलेली भाकरी तिन्ही कुत्र्यांनी हुंगली आणि सोडून दिली. तानाजी रोज "उद्या देतो" म्हणायचा. औषधानं कुत्रं मऊ पडतं, असं हरणाबाईचं मत होतं.

सून जिवंत घरी आली तर बिरोबाला बकरं, असा नवस हरणाबाईनेच बोलला होता. तिच्या आजारपणामुळे त्या वर्षी कुटुंब लवकर गावी परतलं होतं; चैत्रात तो फेडला. भावकी जमली. मंगलने सकाळीच दिराकडून कमरेएवढा खड्डा खणून घेतला होता. बकरं कापलं, तर कलेजीवर तीन फोड निघाले.

"ते खड्ड्यात टाका," मंगल म्हणाली.

"बघा गं बायांनो, डाक्टरीण आली आमची!" हरणाबाई म्हणाली. "महिनाभर खाटंवर निजली आन् देवाच्या राखणदाराला उपाशी ठेवाय निघाली."

तानाजीच्या चुलत्याने विचारलं, "तान्या, पानी पेतानाबी बायकूला इचारतोस का रं?"

सगळे हसले. तानाजीने एकदा खड्ड्याकडे पाहिलं आणि कलेजी कुत्र्यांपुढे टाकली. "आज्या-पणज्यापास्नं चालत आलंय. कुनाला काय झालंय?"

"आज्या-पणज्याची छाती कुनी उघडून बघितली?" मंगल म्हणाली.

चुलता चुलीकडे वळला. मटण शिजत आलं होतं.

आषाढात मंगलने तानाजीला ओढूनच अंकितासह सांगलीला नेलं. सोनोग्राफीत मुलीच्या यकृतात पिशवी दिसली, चार सेंटिमीटरची. डॉक्टर म्हणाले की सध्या गोळ्या द्यायच्या, दर काही महिन्यांनी तपासायचं आणि वाढली तर काढायची.

"ही चैतातली का?" तानाजीने विचारलं.

"नाही. एवढी व्हायला काही वर्षं लागतात. जुनी आहे."

तानाजी खुर्चीत मागे टेकला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला. "ऐकलंस न्हवं? उगं माझ्या डोक्यावर खापर फोडत हुतीस."

मंगलने त्याच्याकडे पाहिलं नाही. "चैतात कुनाला लागलं आसंल तर कवा दिसंल, सायेब?"

"पाच वर्षं, सात वर्षं. कधी त्याहून उशिरा. कुत्र्यांना गोळ्या दिल्या ना?"

"द्यायच्यात," तानाजी म्हणाला.

एसटी स्टँडवर मंगलने त्याला सांगून टाकलं. दिवाळीनंतर ती आणि अंकिता वाटेला लागणार नाहीत. गावातच राहतील, मुलगी तिथल्या शाळेत जाईल. तानाजीला आधी ती थट्टा वाटली.

"मग मेंढरामागं कोन चालनार?"

"कुत्री हायती," मंगल म्हणाली आणि अंकिताला घेऊन एसटीत चढली.