राणीसावरगावची दोन दिवसांची वाट आणि न केलेली प्रार्थना

नळाला चार दिवसांनी पाणी आलं होतं. दोन्ही पिंपं भरली, भांडी घासली. डाव्या हाताने ओझं उचलू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून हंडा उजव्याच हाताने उचलत होते आणि निम्मं पाणी ओट्यावर सांडत होतं. मग ज्वारी पाखडायला बसले. सूप हातात धरून किती वेळ तशीच बसले कोण जाणे. दारातलं ऊन माझ्या पायापर्यंत आलं तेव्हा कळलं, की एकही दाणा पाखडलेला नाही.

परभणीच्या दवाखान्यात छातीतल्या गाठीत सुई घालून तपासायला घेतलं होतं. रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. त्या दिवशी शनिवार होता. रविवारी चर्चमध्ये बायकांच्या सभेत मलाच बोलायचं होतं, आणि विषय होता भरवसा. मी चर्चच्या पाळकांना फोन केला आणि पाहुण्यांकडे जावं लागतंय असं सांगितलं. कुणी बोलावलेलं नव्हतं. दोन साड्या पिशवीत टाकल्या, त्यांच्याखाली शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, ठेवलं आणि स्टँडवर गेले.

मानवतहून राणीसावरगावला मला तीन गाड्या बदलाव्या लागल्या. आधी परभणी, मग गंगाखेड, तिथून पुढे गावाची गाडी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च फार नाही. फक्त गंगाखेडला दुपारी तीनच्या आत पोचा, पुढच्या गाड्या कमी आहेत. परभणी स्टँडवर गरम भजी मिळतात. मी घेतली होती, खाल्ली नाहीत.

मी शाळेत गेलेली नाही. लग्नानंतर गावांच्या पाट्या आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले. त्यामुळे गाडीत बसले की अजूनही दिसेल ती पाटी वाचते. परभणी सोडल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "नरसिंहाला का?"

त्यांच्या मांडीवर नारळाची पिशवी होती. पोखर्णीच्या देवळाला निघाल्या होत्या. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल, मग आडनाव, मग देव कोणता. मी "हो" म्हणाले.

पोखर्णी आली. बाई उठल्या आणि मला म्हणाल्या, "उठा की. का बसल्या जागीच हात जोडताव?"

"मला पुढं जायचंय," मी म्हणाले.

"मंग हो कशाला म्हणलाव?"

मागचे दोघे हसले. कंडक्टरही हसला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कापूस वेचून झालेली रानं, मधेच कणसाला आलेली ज्वारी. गंगाखेडला गोदावरीचा पूल आला तरी माझे कान गरमच होते. माझा नवरा असता तर त्याने सरळ सांगितलं असतं, मी ख्रिस्ती आहे, आणि बाईंचा नारळ धरून त्यांना खाली उतरवलंही असतं.

तो हातपंप दुरुस्त करायचा. या भागात काम असलं की राणीसावरगावला गयाअक्कांकडे मुक्काम करायचा. त्या शेतकरी घरातल्या, हिंदू. त्याला राखी बांधायच्या. तो जाऊन चार वर्षं झाली, तरी अक्का मला वैनीच म्हणतात.

दिवाळीनंतर गावात जाल तर बऱ्याच दारांना कुलपं दिसतील. माणसं ऊस तोडायला गेलेली असतात. अक्कांची दोन्ही मुलं आणि सुना गेल्या होत्या. घरी त्या आणि सात वर्षांची नात सारिका.

दिवेलागणीला ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्याच्या घरात डोळे मिटून बसले तर कसं दिसेल, म्हणून मी पटकन तुकडा मोडला आणि तोंडात घातला. वर बघितलं तर अक्का आणि सारिका हात मांडीवर ठेवून बसलेल्या. कुणी ताटाला हात लावला नव्हता.

"आज्जी, यांनी तर खाल्लं," सारिका म्हणाली.

"गप गं," अक्का म्हणाल्या. मग मला, "वैनी, आमी थांबलाव तुमच्यासाठी. भाऊ आधी देवाचं म्हणायचा, मंग आमी जेवायचो. मीच हिला शिकवलंय, त्येंचं झाल्याबिगर हात लावायचा न्हाई."

मी हात ताटातून मागे घेतला. "विसरले," मी म्हणाले. एका दिवसातलं ते तिसरं खोटं. मग मात्र सांगून टाकलं, गाठीचं, सोमवारचं, आणि आठ दिवस मला प्रार्थना होत नाही तेही. "अक्का, मला फार भीती वाटते. विश्वासणाऱ्या बाईला शोभत नाही हे."

"का शोभत न्हाई? भाऊ बी भ्यायचा."

मी म्हणाले, तो कधीच घाबरला नाही.

"शेवटच्या वर्षी आला व्हता. हितंच बसला. डोळे मिटले आन् म्हणला, देवा, मला लय भेव वाटायलंय, तू जवळ बस. मंग दोन भाकरी खाल्ल्या त्येनं."

मला हे माहीत नव्हतं. त्याच्या आजारपणात मी रोज उशाशी बसून वाचायचे आणि म्हणायचे, आपण घाबरायचं नसतं. तो मान हलवायचा. त्याला भीती सांगायला तीन गाड्या बदलून इथे यावं लागलं, कारण घरी मी होते. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री येशू बागेत किती घाबरला, हे मी सभेत कितीदा मोठ्याने वाचलं आहे. पण त्या ओळी भराभर वाचायचे आणि पुढे त्याने देवाची आज्ञा कशी पाळली यावरच बोलायचे.

मी ताटासमोर डोळे मिटले. मोठ्याने म्हणाले, "देवा, मला भीती वाटते. जवळ बस." पुढे काही सुचलं नाही. आमेन म्हणाले.

"एवढंच?" सारिकाने विचारलं.

"एवढंच."

"भाऊमामाचं बी एवढंच असायचं का गं आज्जी?"

"जेव आता," अक्का म्हणाल्या.

मी दीड भाकरी खाल्ली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा झोपले.

रविवारी सकाळच्या गाडीने परतले. अक्कांनी हुरडा बांधून दिला. त्याच दिवसांत गेलात तर तुम्हीही खाऊन या. घरी येऊन हुरडा डब्यात भरला. बरं वाटत होतं म्हणावं, तर उशाशी मान हलवणारा नवरा डोळ्यांपुढून जाईना. भीती थोडी हलकी झाली आहे, कारण आता ती एकटीने धरायची नाही हे कळलं. लाज तशीच आहे. ती राहू द्यावी असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी परभणीला गेले. गाठ वाईट निघाली. डॉक्टर पुढचं सांगायला लागले तेव्हा मी म्हणाले, एक मिनिट थांबा. तिथेच खुर्चीत डोळे मिटून प्रार्थना केली, त्यांना ऐकू येईल अशी, आणि मग ऑपरेशनची तारीख लिहून घेतली.