आडवी रेघ

मुलगी फिरदोस दहावीच्या बोर्डाचा पेपर अर्धा टाकून उठेल, ही धास्ती शाइस्ताच्या मनातून हलत नव्हती. सराव परीक्षेत तेच झालं होतं. इतिहासाचे पहिले तीन प्रश्न असे लिहिलेले की बाईंनी वर्गात वाचून दाखवले, आणि पुढची पानं कोरी. "वेळ संपली," एवढंच फिरदोस म्हणाली.

पोरगी मंद नव्हती. दही आणायला पाठवली तर पाऊण तासाने हात हलवत यायची. दही दुकानाच्या कट्ट्यावर राहिलेलं, पण शेजारच्या टेलरच्या मशिनचा दोरा सारखा का तुटतो, ते तिने शोधून काढलेलं. टेलर मौलालीचाचा म्हणायचे, "हिला माझ्याकडे द्या, शाळेत कशाला सडवता?" शाळेच्या डायरीत मात्र दर महिन्याला एकच शेरा: लक्ष नाही.

आठवीत असताना शाइस्ताने तिला सरकारी दवाखान्यात नेलं, डोकेदुखीची तपासणी आहे असं सांगून. चार खेपा झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, आणि दाखला हातात दिला. "शाळेत द्या. दहावीला जादा वेळ मागता येईल. तिला गरज आहे त्याची."

घरी सासूने, गुलबानोने, दाखला न वाचताच दुमडला. "लडकी की जात है. कागज पे दाग नक्को. कल को रिश्ता आया तो?" नवरा, मुबीन, टेम्पोची चावी शोधत म्हणाला, "बघू की. दहावीला अजून अवकाश आहे." दाखला कपाटात साड्यांखाली गेला. तो तिथे ठेवला बी.कॉम. झालेल्या शाइस्तानेच, दुसऱ्या कुणी नाही.

पुढे दहावीचा फॉर्म भरताना 'दिव्यांग प्रकार' हा रकाना आला. रिकामा सोडला तर शाळेत कुणी काहीबाही भरेल, म्हणून तिने पट्टी लावून त्यात आडवी रेघ मारली.

सराव परीक्षेचे गुण पाहिल्यावर ती दाखला घेऊन मुख्याध्यापकांकडे धावली. देवदत्त सर म्हणाले, "ताई, सवलतीच्या मुलांची यादी मंडळाकडे जाऊन महिना झाला. आधी का नाही दिलात?"

"उशिरा मिळाला, सर."

सरांनी तारखेवर बोट ठेवलं. दोन वर्षांपूर्वीची.

"खरं कारण लिहून द्या, मी शिफारस जोडतो," ते म्हणाले. "मिळेलच असं नाही. पण आमचे क्लार्क उद्या पुण्याला मंडळात चाललेत. आज दुपारी दोनपर्यंत फोनवर कळवा, कागद संध्याकाळी दिलात तरी चालेल."

खरं कारण म्हणजे आईने लपवलं. आणि ते आधी फिरदोसला सांगायला हवं होतं.

फिरदोस जेवत होती, एक पाय सारखा हलत होता. शाइस्ताने दाखला पुढे केला. पोरीने तो पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचला. पाय थांबला.

"हे आठवीतलं आहे, अम्मी."

"हो."

"म्हणजे मी आळशी नव्हते?"

शाइस्ताने पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला.

"तूच म्हणायचीस की. उठता बसता." फिरदोसने बोट चाटलं, मग हात ताटात तसाच राहिला. "मला वेगळ्या खोलीत बसवतील?"

"माहीत नाही."

"वेळ तरी मिळेल?"

"तेही माहीत नाही, बेटा."

"मग तुझं बी.कॉम. काय चाटायचंय?"

आतून गुलबानोने विचारलं, "क्या हुआ गे?" फिरदोस ताट तसंच सोडून उठली, दाखला मात्र सोबत घेऊन गेली.

दीड वाजला होता. मुबीन माळशिरसकडे माल टाकायला गेलेला. त्याला विचारलं असतं तर 'संध्याकाळी आल्यावर बोलू' म्हणाला असता. मंडळ काय म्हणेल, पोरगी यापुढे आपलं काही ऐकेल का, यातलं काहीच शाइस्ताच्या हातात उरलं नव्हतं. सासूला ऐकू गेलं तरी चालेल, पण देवदत्त सरांना फोन करायचा आणि दाखला मीच लपवला असं स्पष्ट सांगायचं, असं ठरवून तिने मोबाइल उचलला.