टाका कोणता?

डॉक्टरीणबाईंनी माझ्या लेकीच्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, बाळंतपण होईपर्यंत पलंग सोडायचा नाही. आधीची दोन्ही बाळं पाचव्या महिन्यात गेली होती, आणि तीही काही दुखलं-खुपलं नसताना. "हा टाका आहे तोवर बाळ आहे," त्या म्हणाल्या. सरळ बाई, उगाच गोड बोलायची सवय नाही. मला आवडल्या. पण त्या वाक्यानं माझी झोप गेली ती गेलीच.

जावई मिहानमधल्या कंपनीत, शिफ्टची नोकरी. म्हणून लेक माझ्याकडे आली. पलंगावर पडल्या पडल्या मोबाइल बघायची. काय बघायची, तर कितव्या महिन्यात काय काय बिघडू शकतं ते! एक दिवस मी तो हातातून हिसकावूनच घेतला.

"मग मी दिवसभर काय करू वं आई? छत मोजू?"

"विणकाम कर. नाहीतर क्रोशा घे. मले दोन्ही येते, शिकवतो मी तुले," मी म्हटलं. आमच्याकडे बायकाही रागाच्या भरात 'करतो, देतो' म्हणून जातात.

तिनं दोन सुयांचं विणकाम निवडलं. कारण काय, तर सुया वाजतात आणि सोबत वाटते. मी बर्डीच्या बाजारातून मोरपंखी लोकर आणली, पाठीशी दोन उशा लावून तिला बसवलं आणि सुलट-उलट शिकवायला लागले.

त्याच संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. त्या नरखेडकडच्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. "बाळाचं काही विणू नका हं. टोपडं नाही, मोजा नाही, काहीच नाही. येणाऱ्याले पहिल्यांदा जुनंच घालावं लागते."

आता, आमचे आजोबा धम्मदीक्षा घेऊन घरी आले त्या दिवसापासून आमच्या घराला शकुन-अपशकुन माहीत नाहीत. मांजर आडवी गेली तर मांजरीला घाई असेल, असं म्हणणारी आमची माणसं. मी स्वतः कितीतरी जणांना यावरून तोंडावर सुनावलेलं आहे. पण त्या दिवशी मी फोनवर "हो, हो" म्हणाले, आणि वर "आम्हीही तेच ठरवलं आहे" असंही ठोकून दिलं. घाबरले होते मी, दुसरं काय! लेकीला सांगितलं, नवऱ्यासाठी मफलर कर. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सुया उचलल्या.

चार-पाच दिवस बरे गेले. थंडी होती, खोलीत दुपारी ऊन यायचं, सुया टकटक वाजायच्या. मी स्वयंपाकघरात असले की तो आवाज ऐकत राहायची. थांबला की माझे हात थांबायचे.

एका सकाळी तो थांबला, आणि लगेच ती ओरडली, "आई वं! टाका सुटला!"

हातातलं वरणाचं पातेलं कुठे गेलं मला माहीत नाही. मी धावत सुटले. दारापासून पलंगापर्यंत ती दोन पावलं, पण तेवढ्यात मी सगळं पाहून घेतलं: रक्तानं भरलेली चादर, दवाखाना, लेकीचं ते मागच्या वेळचं तोंड. पाहते तर बाईसाहेब मफलर हातात धरून बसलेल्या. सुईवरून एक टाका निसटून सरसर चार ओळी खाली गेलेला.

"पाह्य न, पार खालपर्यंत गेला," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायावर सांडलेल्या वरणाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. मला जवळ घ्यायचं होतं तिला. त्याऐवजी मी कडाडले, "अक्कल आहे का तुले? असं ओरडतेत का?"

"मग काय म्हणू? टाक्याले टाकाच म्हणतेत न!"

"फंदा म्हण. हिंदीत म्हणतेत तसं."

"फंदा? गळ्याले लावतेत तो?"

दोघीही हसलो. हसता हसता ती रडायला लागली आणि मग मीही. माझा पाय भाजला होता, ते नंतर लक्षात आलं.

त्या दुपारी मी सुया आणि लोकर उचलून कपाटात वर टाकली आणि क्रोशाची सुई तिच्या हातात दिली. मले सुयाच पाहिजे, म्हणून ती कुरकुरली. मी म्हटलं, तुले काय पाहिजे ते बाळंतपणानंतर पाहू. लोकांना मी सांगायची की उन्हाळा येतो आहे, मांडीवर लोकर नको, सुती दोऱ्याचा क्रोशा बरा. खरं कारण वेगळं होतं. सुयांवर सगळेच्या सगळे टाके जिवंत असतात, एक निसटला तर किती खाली जाईल सांगता येत नाही. क्रोशात सुईवर एकच असतो. आणि मुख्य म्हणजे क्रोशाची भाषा वेगळी. साखळी, खांब, मुका खांब. या शब्दांनी कोणी धावत सुटत नाही. 'टाका' हा शब्द मी घरात डॉक्टरीणबाईंच्या टाक्यापुरताच ठेवला.

मग आमच्या घरातली एक वस्तू उघडी राहिली नाही. मिक्सरला टोपी, रिमोटला पिशवी, फ्रिजच्या दांडीला बाही. जावई म्हणाले, मी इथं फार वेळ बसलो तर मलाही काहीतरी घालाल. हसायचो आम्ही. पण पाळण्याचं कोणी बोलायचं नाही, नावाचं नाही, दिवाळीचं नाही. "पुढच्या वर्षी" हे शब्द कोणाच्या तोंडून निघाले, की मी उठून आत जायची. सहावा सरला. बाळ पोटात लाथा मारायचं आणि लेक मला हात लावून बघायला बोलवायची. मी हात लावायची, पण लगेच काढून घ्यायची. माया लावायची हिंमत होत नव्हती.

सातव्या महिन्यात, ऊन तापायला लागलं तेव्हाची गोष्ट. मी गॅलरीत कूलरच्या जाळीत नवी खस भरून राहिली होती. आतून हाक आली. ओरडणं नव्हतं, अगदी हळू.

"आई. टाका..."

मी कोणता म्हणून विचारलं नाही. घरात आता टाका एकच होता. जावयाला फोन, खाली रिक्षा, शेजारणीच्या मदतीनं लेक चादरीसकट उचलून खाली, रिक्षात. वाटभर तिच्या अंगावरून पाणी वाहून राहिलं होतं आणि ती माझं मनगट धरून सारखं म्हणत होती, "लवकर झालं वं आई, लई लवकर झालं."

दवाखान्यात पोचलो तेव्हा कळलं, मी फाइलची म्हणून उचलून आणलेली पिशवी दोऱ्याची होती. फाइल मागून जावयांनी आणली. तोवर लेकीला आत नेलं होतं. मुलगी झाली. मला ती नीट दिसलीही नाही, हिरव्या कापडात काहीतरी घेऊन सिस्टर पळत गेली एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई ठीक आहे. बाळाचं त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

थोड्या वेळानं सिस्टर काचेच्या पेटीच्या खोलीतून बाहेर आली. "मावशी, बाळाची टोपी द्या. डोक्यातूनच गारठतेत ही बाळं."

आमच्या मिक्सरला टोपी होती.

"डोकं केवढं आहे?" मी विचारलं.

तिनं बोटं वाकवून दाखवलं. "संत्र्याएवढं असन."

तिथेच बाकड्यावर बसले आणि साखळी घालून गोल जोडला. मग संत्र्याचं माप धरून एकेक खांब घालत गेले. विहीणबाई आल्या, शेजारी बसल्या, मी काय करते आहे ते त्यांनी पाहिलं. दोऱ्याचा गुंडा उचलून हातात धरला आणि मला लागेल तसा सोडत राहिल्या.

सिस्टर टोपी घेऊन गेली. ती परत बाहेर येईपर्यंत आम्ही दोघी त्या बंद दाराकडे बघत होतो. तिचं तोंड पाहूनच मला कळेल असं वाटलं, पण काही कळलं नाही.

"मोठी झाली वं मावशी टोपी," ती म्हणाली. "राहू द्या पण. वाढन न ती."