आमच्या पिचरची चौकशी

कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. तुम्ही आधी चहा घ्या. माझ्या या तोंडाने एका सरळ माणसाचं कसं वाटोळं केलं ते सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. मला मात्र अजून नीट हसता येत नाही.

देशाने क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकून दोन-तीन वर्षं झाली होती. सगळं जग बॅट घेऊन पळत होतं आणि आम्ही जळगावात सॉफ्टबॉलवर जीव टाकत होतो. हो, सॉफ्टबॉल! पिचर खालून हात फिरवून चेंडू फेकतो, समोरचा टोलावतो आणि मग बेसना चक्कर मारून रन काढायचा. आमच्या पेठेची टीम होती. मी खेळाडू नव्हतो हं. मी चाहता! पळायचं त्यांनी, अक्कल शिकवायची आम्ही.

त्या वर्षी थंडी पडली, स्पर्धा सुरू झाल्या आणि आम्ही हरत सुटलो. भुसावळकडून हरलो, अमळनेरकडून हरलो. एका कॉलेजच्या पोरांनी तर असं धुतलं की पंचही आमच्याकडे दयेने बघायला लागले.

मग काय, नानांच्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी आमचं पोस्टमॉर्टेम!

"कॅचर गेला तिथेच टीम मेली," रशीद म्हणायचा. रशीद आमचा शिंपी, टीमचे कपडे त्यानेच शिवलेले. आदल्या वर्षी धुळ्याच्या एका टीमने नोकरीचं आमिष दाखवून आमचा कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू मागे झेलणारा गडी, पळवला होता, ते दुःख त्याला विसरता येत नव्हतं.

"कॅचर नाही भो, तुझ्या पँटी!" डिगा ओरडायचा. हा किराणा दुकानवाला. "इतक्या तंग शिवल्या की पोरं चेंडूला वाकत नाहीत!"

"आणि मॅचच्या आदल्या दिवशी भरीत-पुरीची पार्टी कोणाची होती?" मी विचारायचो. "एवढं तेल पोटात गेल्यावर कोण पळेल?"

"सगळ्यात जास्त तूच हाणलं!"

"मी कुठे पळतो?"

पण खरं दुखणं आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आमचा पिचर प्रकाश. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, घरी विधवा आई, बोलायला गरीब. या माणसाच्या हातातून चेंडू सुटला की समोरच्याला दिसायचा नाही, असा त्याचा लौकिक. आणि यंदा त्याचा चेंडू कुठेही जात होता. एकदा तर पंचाच्या पोटात गेला. असं का व्हावं? त्याला जाऊन विचारावं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वाद घालण्यात मजा होती ना!

अशाच एका संध्याकाळी आमचं रण पेटलेलं असताना शेजारच्या बाकावरचा माणूस खाकरला. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, मिशा वळवलेल्या.

"तो प्रकाश... जिनिंगमधला... त्याले वळखतस का तुम्ही?"

मी विचारलं, "आपण कुठले, आबा?"

"धुळाकडथीन ऊनू."

धुळ्याकडून! रशीदने माझ्या पायावर पाय दिला. डिगाने चहाचा कप खाली ठेवला. कॅचर नेला, आता पिचरवर डोळा!

"पोर्‍या कसा शे?" आबांनी बाक जवळ ओढला. "तब्येत कशी शे त्यानी? नोकरी पक्की शे का? दुसरं कोनी मागे लागेल शे का?"

सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? आम्हाला तर खात्रीच पटली. आणि मला त्या क्षणी जी बुद्धी सुचली ती परमेश्वराने कोणालाही देऊ नये.

"आबा, तुम्ही एवढ्या लांबून आलात म्हणून खरं सांगतो," मी आवाज खाली आणला. "पोराचा खांदा गेलाय. जेवणाचं ताटसुद्धा उचलवत नाही."

"अरारा!"

"संध्याकाळ झाली की दिसत पण नाही त्याला," रशीद म्हणाला. "परवा माझ्या दुकानात शिरला, त्याला वाटलं स्वतःचं घर."

"आणि फिट?" डिगा मागे राहतो का! "भर मैदानात आली. कांदा हुंगवला तेव्हा उठला."

"नोकरी?" आबांचा आवाज पार बसला होता.

"कसली नोकरी! साहेबाशी रोज भांडतो. आज काढतील की उद्या, एवढंच बाकी."

आबा उठले. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही देवमानूस शेतस. आमले वाचाडं तुम्ही." डोळ्यात पाणी होतं त्यांच्या! आमच्या तिघांच्या चहाचे पैसेही देऊन गेले.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पिचर हातचा गेला म्हणून कोणी रडतं का? पण आम्ही एकमेकांना टाळ्या देत होतो. वाचवली टीम!

दुसऱ्या दिवशी सरावाला प्रकाश आला तो मेल्या चेहऱ्याने. एक चेंडू टाकला, तो कुंपणाबाहेर गेला. मग तिथेच मातीत बसला.

"मोडलं रे," म्हणाला. "शिंदखेड्याची मुलगी होती. दोन महिने बोलणी चालली होती, जमतं की नाही या विचाराने माझी झोप उडाली होती. आता सुपारी फुटायचीच बाकी होती. तिचे मामा काल गुपचूप चौकशीला आले, कोणाला तरी भेटले आणि रात्रीच मध्यस्थाकडे नाही म्हणून सांगून गेले."

"कसे होते मामा?" मी विचारलं. उगीच विचारलं. मला कळून चुकलं होतं.

"पांढरी टोपी. वळवलेल्या मिशा."

अहो, आपल्याकडे मुलीचा मामा चौकशीला कुठे जातो? मुलाच्या घरी? छे! गल्लीच्या तोंडाशी चहा पीत बसतो. माझ्या बहिणीच्या वेळी मी स्वतः अमळनेरला असाच जाऊन बसलो होतो! तरी मला त्या टोपीखाली मामा दिसला नाही, धुळ्याचा मॅनेजर दिसला.

संध्याकाळी प्रकाशच्या घरी गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. अक्कांनी, म्हणजे त्याच्या आईने, मलाच चहा दिला.

"फिटं येतस म्हने मन्हा पोर्‍याले!" त्या पदराने डोळे पुसत होत्या. "कोनी सांगं व्हई रे असं? तुले काई माहीत शे का?"

मी नाही म्हणालो. चहा संपवला.

मग मात्र राहवेना. धुळ्याला उतरून, बस बदलून शिंदखेडा गाठलं. सोबत केळीच्या दोन फण्या. मामा ओटीवरच होते. मला बघून उठून उभे राहिले, आत पाण्यासाठी हाक मारली. मी सगळं ओकलो.

मामांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे तवय तुम्ही खोटं बोलनात?"

"साफ खोटं, मामा!"

"मंग आज खरं बोली राहिनात, हाई मी कसं मानू?"

"अहो, मुलगा सोनं आहे! दारूला शिवत नाही!"

"दारूनं तं मी इचारंच नही." मामांच्या कपाळाला आठी पडली.

"नाही, म्हणजे... जुगारसुद्धा नाही!"

"जुगारबी शे का?"

जितकं बोललो तितका रुतत गेलो. तेवढ्यात आतून मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने तो खाली ठेवला, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि आत गेली. आत कोणीतरी रडतंय, हे ओटीवर ऐकू येत होतं. मामांनी केळी उचलून माझ्या हातात परत दिली. "जेना असा दोस्त शेतस," म्हणाले, "तेले पोर देवाले मन्ही हिंमत नही."

आणि बातमी कुठे थांबते? फिटची गोष्ट जिनिंगमध्ये पोचली. मालक बिचकला, प्रकाशला यंत्राजवळ जाऊ देईना, आणि महिन्याभरात घरीच बसवलं. शेवटी धुळ्याच्या एका नातेवाइकाने त्याला तिकडे कामाला बोलावलं. आईला घेऊन तो निघाला त्या सकाळी बसस्टँडवर मी त्याला सगळं सांगितलं. मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला विचारायचं होतंस रे," तो म्हणाला. "मी टीम सोडून कुठे जाणार होतो?"

बस सुटली.

पुढच्या थंडीत आमची पहिलीच मॅच धुळ्याशी पडली. त्यांच्याकडून पिचिंगला प्रकाश! हात असा फिरत होता की आमच्या पोरांना चेंडू दिसेना. एक रन निघाला नाही. कांदा हुंगायची वेळ आमच्यावर आली.

शेजारी धुळ्याचे एक म्हातारे प्रेक्षक बसले होते. ते टाळ्या वाजवून थकले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "काय हो जळगावकर, असा हिरा तुम्ही सोडला कसा? कोणामुळे गेला?"

मला वाटलं, आता वाद होणार. रशीद काहीतरी म्हणेल, डिगा त्याला खोडेल, तेवढ्यात मी हळूच सटकेन.

वाद झालाच नाही. ज्या डिगाने त्याला भर मैदानात फिट आणली होती, त्याच डिगाने सगळ्यात आधी माझ्याकडे बोट केलं.